भवतींचा पंजा आणि आमच्या दारातली सुकट

मागच्या महिन्यात एका सकाळी आमच्या जिन्याखालची मांजर तीन पायांवर आली. पुढचा उजवा पंजा वर धरलेला, लिंबाएवढा सुजलेला... आणि नजरेत नेहमीचंच, "तिथंच थांबा."

आमची ओळख तशी दोन महिन्यांची. बातम्या गोळा करून घरी येईपर्यंत सोलापूरचं ऊन माणसाचा पापड करतं. त्यात गेलं वर्षभर एक थकवा मागं लागलाय, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल... म्हणून वर चढण्याआधी मी तिसऱ्या पायरीवर टेकतो. खाली वाटीत दूध ठेवायचं, आणि तिनं सहा फुटांवर बसून मी कधी उठतोय याची वाट बघायची.

लहानपणी मठाच्या पाठशाळेत शिकलोय, त्यामुळं मी तिला 'भवती' म्हणतो. संस्कृतात बाईमाणसाला आदरानं 'आपण' म्हणायचं तर असं म्हणतात. दोन महिने "भवती, यावं" करून पाहिलं... भवती काही आल्या नाहीत.

त्या दिवशी पकडायला गेलो, तर तीन पायांवर कंपाउंड ओलांडून पसार! शेवटी लांबून व्हिडिओ काढला आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "पू झालाय. आणता येत नसेल तर रोज अर्धी गोळी, सात दिवस, कशीही पोटात जाऊ द्या. नाहीतर पाय जायचा."

मी गोळी कुटून दुधात कालवली. भवतींनी वास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. लोकांचा अविश्वास आमच्या धंद्यात नवा नाही, पण इतका सभ्य अविश्वास मी पहिल्यांदाच बघितला.

शेजारच्या लक्ष्मीअक्का हे सगळं गॅलरीतून बघत होत्या. त्यांच्याकडं पूर्वी चादरीचे माग होते. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी.

"काका, काय घालायलाव पिल्लीला?" तेलुगूत मांजर म्हणजे पिल्ली.

"दूध."

"दोन महिने नुसतं दूध? अवो, मांजर हाय की ती, मठातली स्वामी न्हाय! बाजारातनं सुकट आणा, वाळकी मासळी. त्यात गोळी लपवा. मग बघा कशी येती."

खरं सांगू? आम्ही लिंगायत. घरात मासळी आल्याचं कुणाच्या आठवणीतही नाही. मांजर आमच्या दारी येते म्हणजे तिनं आमचाच आहार पत्करलाय, असं मी खुशाल धरून चाललो होतो.

घरी विषय काढला. बायको अक्कलकोटकडची, रागावली की कन्नडवर जाते. "ब्याड म्हणजे ब्याड, नको म्हणजे नको! त्याचा वास वर आला तर तुम्ही पण जिन्याखालीच झोपा."

"अगं, तिचा पाय जाईल." तिनं खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "पायरी चढायची नाही त्या पुडीनं."

तोंडाला रुमाल बांधून बाजारात गेलो. सुकटवालीनं काही विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "मांजरासाठी पाहिजे." ती हसली. "व्हय व्हय, समदे असंच म्हणत्यात. डबल पिशवीत देऊ का, वास न्हाय यायचा?"

त्या संध्याकाळी भवती सहा फुटांवरून तीन फुटांवर आल्या... गोळीसकट सगळं फस्त! पुढचे दोन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मला भल्या सकाळी उजनीकडच्या एका गावात जावं लागलं. निघताना भवतींचा पत्ता नव्हता, आणि गोळीचं बायकोला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

परत येताना गाडी दोनदा बंद पडली. पाठ मोडली होती, डोकं ठणकत होतं, आणि मनात एकच... आजची गोळी चुकली. आधीच दोन दिवस वाया गेले होते. त्यात आज हा खाडा.

दिवेलागणीला फाटक उघडलं आणि जागीच थांबलो. सगळ्यात खालच्या पायरीवर बायको बसली होती. नाकाला पदर, मान पार पलीकडं वळवलेली, आणि दोन बोटांत सुकट धरलेली. भवती तिच्या हातून खात होत्या.

"बोलू नका," ती नाकातूनच म्हणाली. "गोळी अजून गेलेली नाही पोटात. अक्कांनी शिकवलं कशी लपवायची ते." मग थोड्या वेळानं, "मी वर जाऊन अंघोळ करणार आहे."

नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. पिंपाच्या तळाशी उरलेल्या पाण्यातून दुसरी अंघोळ म्हणजे काय, ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

मी बुटांसकट तिच्या शेजारी टेकलो. खाऊन झाल्यावर भवतींनी मिशा पुसल्या, आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं... आणि लंगडत येऊन तो दुखरा पंजा हळूच माझ्या बुटावर टेकवला. इतक्या दिवसांत त्या पायावर तिनं पहिल्यांदा भार दिला होता. मी श्वास धरून बसलो. बायकोही अंघोळीचं विसरून तशीच बसून राहिली.

सात दिवसांच्या गोळ्या पूर्ण झाल्या. पाय वाचला, थोडी लंगडते एवढंच.

लक्ष्मीअक्का, तुमचे मनापासून आभार. बायकोला तोंडावर थँक्यू म्हणायची आमच्या घरात सवय नाही, म्हणून इथं लिहितोय. ती फेसबुकवर नाही... दुपारी तुमच्याकडं आली की एवढं तिला वाचून दाखवा की.