भाऊजींनी काढून घेतलेला कागद

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, तेवीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर उभे आहेत. डॉक्टरांनी कागदावर कोंबडी नाचवली तरी भाऊजी ती बिनचूक वाचतात. त्यांची एक सवय साऱ्या गिऱ्हाइकांना माहीत होती. औषधाचं खोकं हातात देण्याआधी ते त्यातला घडी घातलेला माहितीचा कागद काढून घ्यायचे आणि गोळी कधी, कशी घ्यायची ते स्वतः तोंडी सांगायचे.

याला कारण होतं. ते नवीन असताना एका म्हातारबाबांनी रक्तदाबाच्या गोळ्यांचा कागद भिंग लावून वाचला, दुष्परिणामांच्या यादीची हाय खाल्ली आणि गोळ्या परस्पर बंद केल्या. पंधरा दिवसांत त्यांची एक बाजू लुळी पडली. तेव्हापासून भाऊजींचं पक्कं झालं, की कागद माणसाला घाबरवतो. मलाही ते पटायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

त्यांना एकच मुलगी. एकोणीस वर्षांची घोडी झाली तरी घरात ती छकुलीच. तिचा चेहरा मुरुमांनी भरला होता आणि त्यापायी ती चारचौघांत मान वर करेना. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून तिला कॅप्सूल लिहून दिल्या. औषध व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं होतं. ओठ सुकतील, उन्हात जपून राहा, असं सांगून बाई म्हणाल्या, बाकीचं आतल्या कागदावर आहे, तो नीट वाच. बाहेर रांग लागली होती.

खोकं अर्थातच भाऊजींनी आणलं, आणि हात सवयीने आत गेला. शिवाय पोरगी भित्री. कुठल्या आजाराचं वर्णन वाचलं की संध्याकाळपर्यंत तो तिला झालेला असायचा.

दोन महिन्यांत चेहरा आरशासारखा झाला. ताई खूश, भाऊजी खूश. पण छकुली हसेनाशी झाली. साधी ताटली पडली तरी दचकायची, पहाटे तीनलाच जागी व्हायची, वेणी घालता घालता रडायला लागायची. ताईला वाटलं, परीक्षेचा ताण. मला वाटलं, कुणीतरी मुलगा असणार, आणि मी तिला तसं चिडवलंसुद्धा. त्या चिडवण्याची मला आज लाज वाटते. औषधाने तर नसेल ना, असं ताईने एकदाच विचारलं होतं. व्हिटॅमिनने कधी कुणी रडतं का, म्हणून भाऊजींनी ते हसण्यावारी नेलं.

चौथ्या महिन्यात, एका सकाळी ताई भाजी चिरत असताना छकुली शांतपणे म्हणाली, "आई, मी नसले तर तुम्हाला फार दिवस जड जाणार नाही."

ताईने विळी तशीच टाकली आणि तिला घेऊन दवाखाना गाठला. भाऊजी दुकानातून धावत आले, मागोमाग मीही. डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल त्याच क्षणी बंद केल्या, मनाच्या डॉक्टरांना बोलावलं आणि मग सगळं समजावून सांगितलं. ही औषधं मेंदूपर्यंत पोचतात. ताण आला की अंगात जी संप्रेरकं वाढतात, त्यांचा तोल यांच्यामुळे ढळत असावा, असा काही अभ्यासकांना संशय आहे, तर काहींना तसं काहीच आढळलेलं नाही. बहुतेकांना त्रास होत नाही. पण मन खचायला लागलं तर लगेच कळवा, असं कागदावर लिहिलेलं असतं. तो वाचला नव्हता का?

 भाऊजींनी खाली बघत विचारलं, "पण हे या औषधानेच झालं का?"

"ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही," बाई म्हणाल्या.

दोष कबूल करून मोकळं व्हावं, तर दोष आहे की नाही हेच ठरेना. मला त्यांचा संताप आला होता आणि कीवही येत होती.

छकुली पाच आठवडे दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती. घरी आल्यावर भाऊजींनी तिच्यासमोर बसून, कागद मी काढला होता, हे सांगितलं. ती ओरडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"बाबा, मला वाटायचं मी मुळातच अशी आहे," ती म्हणाली. "वाईट, कुणाला नको असलेली. असं होऊ शकतं, एवढी एक ओळ वाचायला मिळाली असती, तर मी तुम्हाला सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली आणि ती माझ्याकडे राहायला आली. आता ती पुन्हा कॉलेजला जाते, जेवते, झोपते. मधूनच हसतेही. भाऊजी दर रविवारी येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि तिला कशी आहेस म्हणून विचारतात. बरी आहे, म्हणते ती. मग ते तिच्या तोंडाकडे बघत राहतात. ती खरं बोलतेय की नाही, ते त्यांना ओळखता येत नाही, आणि पुन्हा विचारायचा धीरही होत नाही.