साडूंचं नायट्रोजनचं सोवळं

हवेवर माझ्या थोरल्या साडूंइतका अविश्वास साऱ्या ठाणे जिल्ह्यात कोणाचा नसेल. नाकानं ते आपल्यासारखीच हवा घेतात, पण त्यांच्या गाडीच्या टायरना ती चालत नाही. तिथे नायट्रोजनच लागतो, तोही खोपटला घराजवळच्या ठरलेल्या पंपावरचा. पेट्रोलसाठी दुसरीकडे थांबावं लागलं, तर हवेवाल्याच्या आणि चाकाच्या मध्ये ते पहारा देत उभे राहतात. "अहो, हवेत मुळात बहुतेक नायट्रोजनच असतो," असं मी एकदा सांगून पाहिलं. "दुधातही बहुतेक पाणीच असतं. म्हणून चहात नळ सोडता का?" हे त्यांचं उत्तर. मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पगाराआधी विचारलं, बाइकच्या टायरमध्ये काय भरता? तो बिचारा म्हणाला, "हवा." स्थळ हातचं जायचंच, पण मुलीनं डोळे वटारले म्हणून लग्न ठरलं.

लग्न ठाण्यात, सासर कल्याणजवळ मोहन्याला. पाठवणीबरोबर बाप जात नाही, पण लेक नायट्रोजनवरच सासरी जाईल म्हणून साडू स्वतः गाडी चालवायला बसले. शेजारी मी, मागे नवरा-नवरी. मोहन्याच्या अलीकडे चाक बसलं. पंक्चरवाल्यानं खिळा काढला, भोक बुजवलं आणि हवेची नळी उचलली, तसा साडूंनी त्याचा हातच धरला.

"थांब! आम्ही परत खोपटला जाऊ."

"बसलेल्या चाकावर?" मी विचारलं.

"हळूहळू जाऊ. सगळेच जाऊ. गृहप्रवेश काय, उद्याही होईल."

"काका, डोकं फिरलंय का? नवरी बसलीय गाडीत!" पंक्चरवाला म्हणाला.

तिकडे उंबऱ्यावर माप भरून ठेवलेलं, सासूबाईंचे फोनवर फोन, आणि हे लेकीला अर्ध्या वाटेवरून माहेरी न्यायला निघालेले! मला हसू आवरेना. शेवटी अंगावरचा शालू सावरत लेक खाली उतरली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "बाबा, मला आज जायलाच हवं ना?"

साडूंनी त्या बसक्या टायरवरून एकदा हात फिरवला. मग पंक्चरवाल्याचा हात सोडून म्हणाले, "भर बाबा." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि हसल्याची लाज वाटली.

त्याला आता काही महिने झाले. साडू अजूनही त्या पंपावर जातात, पण तीनच चाकं दाखवतात. "चौथ्यातली हवा काढायची नाही का?" मी परवा त्यांना चिडवलं.

"राहू द्या हो," ते म्हणाले. "लेकीच्या सासरची आहे."