एकाच नावाची दोन गावं

१९६०च्या आसपास मी अमरावतीला टपालाच्या छाटणीत होतो. भिंतीला लाकडी खण, पुढ्यात पत्रांचा ढीग. कोणत्या गावाचं पत्र कोणत्या खणात, याचा तक्ता टांगलेला असे. तक्ता सांगेल तसा हात चालायचा.

राजापेठेत आमच्या गल्लीत कापसाच्या जिनावर काम करणारे एक काका राहत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर. मुलगी घरातली पहिली शिकलेली. अंजनगाव सुर्जीच्या पुढे एका खेड्यात मास्तरीण झाली होती. एका सकाळी काका तिचं कार्ड घेऊन आले.

"भाऊ, पोरगी इचारते, बाबा उत्तर काहून देत नाही. मी तं सारखा लिहून घेऊन राहिलो."

तिला गावात कोणी खोली देत नव्हतं. विहिरीवर जाऊ देत नव्हते. शाळेतच निजत होती. राहू की परत येऊ, एवढंच तिनं विचारलं होतं.

"तुम्ही काय कळवलं?"

"राह्य म्हटलं. जिन बंद झालं का मी येतो, सरपंचाले भेटतो."

मला वाटलं, पत्ताच चुकत असेल. तिथल्या पोस्टमास्तरांना मी वेगवेगळ्या तऱ्हेनं पत्ता लिहून कार्डं टाकली. तालुक्याचं नाव सगळ्यात वर, ठळक लिहिलेलं तेवढं पोचल्याचं उत्तर आलं. मग तक्ता नीट पाहिला. त्याच नावाचं एक गाव अकोल्याकडेही होतं, आणि तक्त्यात त्या नावापुढे एकच खण होता, अकोल्याचा. मुलीच्या गावी पोस्ट तक्ता झाल्यावर उघडलं होतं. काकांची सगळी पत्रं अकोल्याकडे जात होती.

मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "तक्ता वरून येतो. अर्ज करा."

अर्ज केला. काकांनाही पत्ता लिहायची रीत सांगितली. त्या रीतीनं लिहिलेलं पत्र बरोबर पोचलं, आणि "मास्तरीण काम सोडून गेली" असा शेरा घेऊन परत आलं. तोवर ती घरीच आली होती.

अकोल्याहून परत येऊन आमच्या कचेरीत पडलेली काकांची पत्रं मी गोळा करून त्यांच्या घरी नेली. तिनं शिक्के पाहिले, एक पत्र उघडून वाचलं.

"बाबांनी लिहिलं होतं तर," ती म्हणाली. "मले वाटलं, मी नकोशी झाली."

"आता पुन्हा अर्ज कर."

"राजीनामा देल्ला न भाऊ. आता कोण घेते?"

काका खाटेवर बसून होते.

पुढं तक्ता बदलला. त्या नावापुढे आता अंजनगाव लिहिलं होतं, पुन्हा एकच खण. काही दिवसांनी अकोल्याकडच्या त्या गावातून तक्रारी येऊ लागल्या. मी दुसरा अर्ज केला. त्याचं उत्तर माझी बदली होईपर्यंत आलं नव्हतं. मुलीचं भातकुलीकडे लग्न झालं. तिनं पुन्हा शाळेत शिकवलं नाही.