चर्चच्या फाटकाशी

तहसील कचेरीबाहेर, निंबाच्या सावलीत, माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. नववीनंतर शाळेशी माझा संबंध राहिला नाही; तथापि भाषेच्या दोषावरून माझ्या हातचा अर्ज परत आल्याचे मला स्मरत नाही, आणि पदवीधर मंडळीही आपला मसुदा मलाच दाखवून नेतात. हे अभिमानाने सांगत नाही. पुढील हकिकतीशी त्याचा संबंध आहे.

घरी सायंप्रार्थना मीच करीत असे. देवापुढेही मांडणी रीतसर असावी, असे माझे मत होते: प्रथम स्तुती, मग उपकारस्मरण, मग पापांची कबुली आणि शेवटी विनंत्या, क्रमाने. माझी पत्नी सायखेड्याची. प्रार्थनेत तिचे डोळे मिटलेले असत, तोंड मात्र नसे.

"अहो, लय लांबलं. देवाला काय तुमचं एकट्याचंच काम हाय?"

"प्रार्थना चालू असताना मध्ये बोलू नये."

"मंग आमेन म्हना की. कालवण करपतंय."

मागील वर्षी, पुनरुत्थानाच्या सणानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, थोड्याच दिवसांत ती प्रभूकडे गेली. आता मला कोणी अडवीत नाही. हवे तितके बोलता येते, आणि शब्द सुचत नाहीत.

स्वर्गाविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. रोज सकाळी गंगापूर रोडने कचेरीकडे येताना तिला सांगावयाच्या गोष्टी मी मनात जमवून ठेवीत असे. शेजारणीच्या मुलीचे लग्न ठरले. आमच्या दारी तिने लावलेल्या शेवग्याला शेंगा आल्या. मी भात शिजवावयास शिकलो, पण तो तिच्यासारखा मोकळा होत नाही. सांगण्याचे ठिकाण ठरलेले होते. वेळ तेवढी ठरावयाची होती.

अशात एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितले, की मेलेले उठल्यावर लग्नाचे नाते उरत नाही. स्वर्गात कोणी कोणाचा नवरा नाही, की कोणी कोणाची बायको नाही. शास्त्रातील हा भाग मी पुष्कळदा ऐकला होता. परंतु ती हयात असताना तो मला उद्देशून आहे असे कधी वाटले नव्हते. मग मी जमवून ठेवलेले सर्व कोणाला सांगावयाचे? आणि कोणत्या नात्याने?

दोन दिवसांनी मी व्यवस्थित अर्ज तयार करून पाळकसाहेबांच्या घरी गेलो. ते वयाने माझ्याहून पुष्कळ लहान. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"काका, स्वर्गात काकूंशी नातं कायम राहावं, असं लिहिलंय. यावर मी काय करू?"

"आपण शिफारस करावी."

ते हसले नाहीत. "माझी शिफारस चालत असती, तर माझ्या आईसाठी आधी केली असती. शिवाय यात तर पाच मागण्या आहेत. तुम्हाला नेमकं काय हवंय, काका? नातं, की काकू?"

एका अर्जात मागणी एकच असावी, हे मी लोकांना नेहमी बजावतो. मी अर्ज परत घेतला आणि निघालो.

आमच्या चर्चमध्ये पुरुष एका बाजूस व स्त्रिया दुसऱ्या बाजूस बसतात, मधून वाट. संसाराच्या इतक्या वर्षांत उपासनेच्या वेळी आम्ही कधी शेजारी बसलो नाही. तिथे ती बायकांच्या बाकांवरील एक बाई असे, बस. तरी गीताच्या दुसऱ्या ओळीला तिचा आवाज सर्वांच्या पुढे धावत सुटे, आणि ती कुठे बसली आहे हे पाहण्यासाठी मला मान वळवावी लागत नसे.

उपासना संपली की ती आधी बाहेर पडे. मला उशीर होई. कोणाचा सातबारा, कोणाचा दाखला. लोक मला थांबवीत, आणि योग्य सल्ला देणे माझे कर्तव्यच होते. ती फाटकाशी उन्हात उभी असे.

"झाली का तुमची कचेरी? का इथंच मुळं धरू मी?"

पुढच्या रविवारी मी कोणाशीही न बोलता सर्वांच्या आधी बाहेर पडलो. फाटकाशी कोणी नव्हते. ती उभी राहत असे तिथे मी उभा राहिलो. एका रिक्षावाल्याने विचारले, "येता का, साहेब?" मी नकारार्थी मान हलवली. ऊन चांगलेच लागत होते. ती इतकी वर्षे या उन्हात उभी राहिली, हे मला प्रथमच कळले. आणि त्यासोबत हेही, की या खेपेसही ती आधी बाहेर पडली आहे. उशीर नेहमीप्रमाणे मला होत आहे.

मागून एका गृहस्थांनी हाक मारली. त्यांना रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवावयाचे होते. मी परत आत गेलो आणि त्यांना सर्व समजावून सांगितले, नेहमीपेक्षा सावकाश.

हल्ली माझी सायंप्रार्थना थोडक्यात आटोपते. पाचही मागण्या मी खोडल्या आहेत. मी पोहोचेन तेव्हा ती फाटकाशी असावी, एवढेच मागतो. पत्नी म्हणून नसली तरी माझी हरकत नाही. तिने मला उशिराबद्दल बोलावे, ही वेगळी मागणी धरली जाईल की काय, याविषयी मात्र अजून माझी खात्री होत नाही.