सतरा नंबरची डबी

संशोधनात निष्कर्ष निघायला वर्षं लागतात. किस्से मात्र पहिल्या दिवसापासून निघतात! आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात, ते फायलींपेक्षा जास्त साचलेत. बर्वे सर विभागप्रमुख, मी लॅब असिस्टंट. विषय ब्राह्मी. तळ्याकाठी, अर्धी चिखलात अर्धी पाण्यात आपोआप वाढणारी. ती खाऊन स्मरणशक्ती खरंच वाढते का, हे सरांना निवृत्तीच्या आत तपासायचं होतं. "आजी सांगायची, हा पुरावा नव्हे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

*

ब्राह्मी आणायला आम्ही कल्याणच्या पलीकडे एका तळ्यावर गेलेलो. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात, मी काठावर पिशवी धरून. म्हशी घेऊन आलेल्या एका आजींनी बराच वेळ पाहिलं.

"काय हरवलं रं?"

"हरवलं नाही, आजी. ब्राह्मी नेतोय. स्मरणशक्तीचं औषध आहे म्हणतात."

"मंग पयले तूच खा. चपला कुठं काढल्यास, आठवतंय?"

सरांनी काठावर इकडेतिकडे पाहिलं. चपला म्हशीखाली होत्या!

*

मग माणसांवर प्रयोग करायला कॉलेजच्या समितीची परवानगी आली आणि पन्नाशीपुढचे स्वयंसेवक जमले. प्रत्येकाला नंबर घातलेली कॅप्सूलची डबी. निम्म्या डब्यांत ब्राह्मी, निम्म्यांत तांदळाचं पीठ. दिसायला अगदी सारख्या. कुठल्या नंबरात काय, ते सरांच्या कपाटातल्या सीलबंद पाकिटात. मलाही माहीत नव्हतं.

दोन आठवड्यांनी नलूताई आणि कुंदाताई आल्या. शेजारशेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणी. हातात एकच स्टीलचा डबा, आणि त्यात दोघींच्या कॅप्सूल एकत्र!

"अहो, हे काय केलंत?" सर ओरडले.

"एकीला औषध नि एकीला पीठ, हे बरं दिसतं का?" नलूताई म्हणाल्या. "आमच्यात कैरीचं लोणचंसुद्धा निम्मंनिम्मं असतं!"

*

दोघींना वगळावं लागलं. माणसं कमी पडली, तेव्हा मी सुहासला घातलं. सुहास म्हणजे माझा नवरा. दूध आणायला जाऊन सेलोटेप घेऊन येणारा माणूस!

"घरचा माणूस चालेल का?" सर कुरकुरले.

"सर, डबीत काय आहे ते मला तरी कुठे माहितीये?"

त्याला सतरा नंबरची डबी मिळाली. घरी आल्यावर त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "मी नापास झालो तर तुमचं प्रोजेक्ट बुडेल का गं?"

"यात पास-नापास नसतं रे."

"तसं कसं? सरांचं शेवटचं आहे. आणि तू तीन वर्षं राबत्येस."

*

परीक्षा सोपी होती. पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि अर्ध्या तासाने आठवतील तेवढे लिहून घ्यायचे. पहिल्या फेरीत कुणाचे सहा, कुणाचे सात. त्याच यादीवर दुसरी फेरी झाली, तर निम्म्या लोकांचे पंधराच्या पंधरा! सर हरखले. तासाभराने कळलं, जोशीकाकांनी टेबलावरच्या यादीचा फोटो काढून ती मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर टाकलेली. खाली गुलाबाचं फूल आणि "सर्वांच्या माहितीसाठी".

"काका, ही परीक्षा होती!"

"म्हणूनच तर टाकली. एकट्याने पास होऊन काय करायचंय?"

ती फेरी रद्द. नवी यादी मी घरीच बसून टाइप केली. कॉलेजात कुणाच्या नजरेला पडायला नको!

*

त्या आठवड्यात सुहास अंघोळीला फार वेळ लावायला लागला. बाथरूममधून पुटपुटणं ऐकू यायचं, एका लयीत.

"स्तोत्र म्हणतोस की काय?" मी दारातून विचारलं.

"हो. वय झालं आता!"

शेवटच्या फेरीत त्याचे पंधरापैकी पंधरा. बाकी कुणी दहाच्या पुढे नाही. सर फुगडी घालायचेच बाकी होते. "सतरा नंबर म्हणजे चालताबोलता पुरावा!"

घरी येताना सुहासने विचारलं, "झालं ना तुमचं काम?" आणि स्वतःच आठवणीने दूध घेतलं.

दहाव्या दिवशी तो गेला. ऑफिसात, खुर्चीत बसल्याबसल्या. त्याबद्दल इथे एवढंच.

*

मी कामावर परतले तरी सर पाकीट उघडेनात. शेवटी मीच म्हटलं, "उघडा, सर. मलाही बघायचंय."

सतरा नंबर : तांदळाचं पीठ.

सरांनी दोनदा बेरीज केली. मग तिसऱ्यांदा, सतरा नंबर बाजूला ठेवून. त्याला धरलं तर ब्राह्मी आणि पीठ बरोबरीत. त्याला सोडलं तर ब्राह्मी किंचित पुढे.

"या एका माणसाने ब्राह्मी बुडवली!" सर ओरडले, आणि लगेच जीभ चावून माझ्याकडे बघत राहिले.

मी त्याचा कागद ओढून घेतला. तेच तिरकं अक्षर. होडी, कुलूप, चिंच, झोपाळा... बाकी सगळ्यांनी शब्द आठवतील तसे, मागचेपुढचे लिहिलेले. याचे पंधराही ओळीने, मी टाइप केलेल्या क्रमाने. मी मनातल्या मनात वाचत गेले आणि ती लय ओळखीची निघाली.

मला हसू फुटलं. इतकं, की सरांनी घाबरून पाणी आणलं.

"सर, सतरा नंबर वगळा."

"असा कसा वगळू? कारण लिहावं लागतं." त्यांनी पेन उघडलं. "काय लिहू?"

मी डोळे पुसले.

"लिहा, सर. अंघोळ करताना स्तोत्र म्हणायचा."