वहीत नसलेलं नाव

गेल्या महिन्यात हेळवी आबांच्या मुलाचा फोन आला. "अक्का, आबा गेलं." भाजी फोडणीला टाकली होती. ती करपली तरी मी शिवाजी पेठेतल्या स्वयंपाकघरात फोन धरून उभीच...

हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगत फिरणारे; आमच्या कुरुंदवाडच्या घराच्या पिढ्या सांगणं हे आबांचं वडिलोपार्जित काम. सुगी झाली की यायचे. उंबऱ्यापाशी बसून डोळे मिटायचे आणि खापरपणजोबांच्याही मागून सुरुवात करून माझ्या भावापर्यंत यायचे. वही जवळ असायची, पण उघडायचे नाहीत. "म्या पाठ करत न्हाय. तुमचं थोरलंच जिभंवर येत्यात," म्हणायचे. मी कॉलेजात शिकलेली, मला हसू यायचं.

आई गेली आणि माझं हसू थांबलं. पिढ्यांमध्ये बायकांची नावं नसतात, हे तोवर कधी टोचलं नव्हतं. त्या वर्षी आबा जेवायला बसले असताना मी गुपचूप त्यांच्या वहीत वडिलांच्या नावाशेजारी लिहिलं, 'सुशीला'. पुढच्या सुगीला ते वडिलांवरून थेट भावावर गेले. मी भांडलेच. ते एवढंच म्हणाले, "लिवून कोण येत न्हाय, अक्का. तिला यायचं आसंल तवा येईल की."

शेवटच्या खेपेला वडिलांचं नाव घेऊन ते अडखळले. मग हळूच म्हणाले, "चंपा." आईचं माहेरचं नाव! लग्नात बदललेलं, आमच्या घरात कुणी कधी न उच्चारलेलं. कुणीतरी सांगितलं असणार, असं मी आजही मनाला समजावते... पण त्या दिवशी आई घरी आली होती, आणि मी लहान पोरीसारखी रडले.

आता आबांच्या मुलानं सगळी नावं मोबाईलवर पाठवलीत. वडील, मग भाऊ. "आईचं सांगा, घालतो की," तो म्हणाला. मनानं चांगला आहे. पण मला ते लिहिलेलं नको होतं. मी विचारलं, "तुमच्या घराण्याच्या पिढ्या कोण सांगतं रे?"

"आमचं कोण सांगणार, अक्का? आमी दुसऱ्यांचंच सांगत फिरलो."

परवा कुरुंदवाडला गेले. दुपारी घरात कुणी नव्हतं. दारात बसले, डोळे मिटले. आईची फार आठवण येत होती, तिलाच हाक मारायची होती. तोंडून निघालं ते "आबा".