शेर, किलो आणि सुभेदारांचं पिस्तूल

पिस्तुलाच्या नळीतून चिंध्या कितीही फिरवा, शेवटच्या चिंधीवर थोडं काळं येतंच. आमच्या मेहकरच्या रायफल क्लबच्या किश्श्यांचं तसंच आहे. संपले म्हणावं, तर कुणीतरी चहाला येतं, क्लबचा विषय काढतं आणि आणखी एक निघतो.

चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. ठिकठिकाणी क्लब निघत होते, आमच्याही गावात निघाला. मी मुलींच्या शाळेत पीटी शिकवायची. 'एक तरी बाई पाहिजे' असं वरून आलं होतं म्हणे, म्हणून मला घेतलं. चिटणीस आमचे डॉक्टर. सुलतानपूरचे शेळके पाटील वांगी-मेथी पिकवायचे आणि अखंड बोलायचे. शिकवायला होते सुभेदार इंगळे, फौजेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, व्हायची गावाबाहेरच्या मुरुमाच्या खदानीत. दोन-तीन रायफली होत्या, पण सगळ्यांचा जीव होता एका जुन्या विलायती पॉइंट टू-टू पिस्तुलावर. एक साहेब गाव सोडताना ते रीतसर क्लबला देऊन गेले होते. वयानं ते आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा मोठं होतं.

* * *

पिस्तूल खोलायचं म्हणजे आमच्याकडे पूजेसारखी तयारी असे. नखं कापलेली, हात धुतलेले, सतरंजीवर पांढरं धुवट धोतर. खोलण्याआधी तिघांनी नळीच्या मागे डोकावून पाहायचं आणि एकेकानं मोठ्यानं म्हणायचं, "रिकामं." तीन वेळा 'रिकामं' ऐकल्याशिवाय सुभेदार एक स्क्रू फिरवू देत नसत.

एकदा नवे तहसीलदार क्लब बघायला आले. सुभेदारांनी पिस्तूल त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी न बघताच मान डोलावली. "रिकामंच असेल हो."

"साहेब," सुभेदार म्हणाले, "'असन' नाई चालत. पाहा अन् मंग सांगा."

साहेबांनी वाकून पाहिलं आणि शाळेतल्या पोरासारखं "रिकामं" म्हणाले. सुभेदारांनी त्यांना कडक सलाम ठोकला.

ही सवय इतकी अंगवळणी पडली, की मी घरी रॉकेलचा डबा उघडला तरी तोंडातून "रिकामं" निघायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, मग भरून आण की!"

* * *

डॉक्टरांना एक खोड होती. विचार करताना हाताला चाळा लागायचा आणि हातात पिस्तूल असलं की ते रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत बसायचे. आता या जातीच्या पिस्तुलात टोला बसतो काडतुसाच्या बुडाच्या कडेवर. आत काडतूसच नसलं तर तो टोला थेट पोलादावर बसतो आणि पोलादाची कड चेपते. म्हणून चाप तपासताना आत एक वाजलेलं, निकामी काडतूस ठेवायचं असा दंडक होता. डॉक्टर तो रोज विसरायचे.

शेवटी एक दिवस सुभेदारांनी त्यांच्या हातातून पिस्तूल हळूच काढून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, चांगल्याभल्या माणसाले सुया टोचता काय तुम्ही?"

याच डॉक्टरांमुळे क्लबचा सगळ्यात मोठा कायदा झाला. त्यांनी पिस्तूल खोललं, तेवढ्यात एका बाईच्या बाळंतपणाचं बोलावणं आलं. ते गेले आणि उरलेलं काम आम्ही मिळून केलं. पिस्तूल छान बंद झालं. धोतरावर एक स्क्रू मात्र उरला! तो कुठला, हे फक्त डॉक्टरांना ठाऊक आणि डॉक्टर बाळंतिणीपाशी. त्या दिवसापासून कायदा झाला: ज्यानं उघडलं, त्यानंच बंद करायचं. मग मधे आभाळ का कोसळेना.

* * *

दुसरा कायदा शेळक्यांमुळे झाला. पिस्तूल खुलं असताना कोणी बोलायचं नाही.

सुभेदार चापाची स्प्रिंग काढत होते आणि शेळके शेजारी बसून वांग्यावरच्या किडीची कथा सांगत होते. ऐन रंगात आल्यावर त्यांनी सुभेदारांच्या मांडीवर थाप मारली. स्प्रिंग टुणकन उडाली ती गेलीच. आम्ही सगळे गुडघ्यांवर रांगत होतो. डॉक्टरांनी तर स्टेथोस्कोप काढून ठेवून सतरंजी झटकली. काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांच्या घरून निरोप आला. शेळक्यांनी आदल्या दिवशी त्यांना मेथी दिली होती, तिची टोपली स्प्रिंग उडाली तेव्हा सतरंजीशेजारीच होती. मेथी निवडताना इंगळेकाकूंना तीत स्प्रिंग सापडली. "पाटलाच्या मेथीले आता लोखंडाची अळी लागली काय?" काकूंनी विचारलं होतं.

शेळके स्वतः आणायला गेले. तोवर ते सुभेदारांच्या घरी भाजी द्यायचे, पण दारातूनच. सुभेदारांच्या घराण्यानं बौद्ध धम्म घेतला होता आणि त्या काळी गावं कशी होती हे मी काय सांगू. त्या दिवशी काकू म्हणाल्या, "आत या, चहा ठेवलाय." शेळके आत गेले, बसले, चहा प्याले, दुसरा मागून प्याले. गावात कुजबुज झाली. कुणीतरी त्यांना पारावर हटकलंच, "काऊन पाटील, तिथं चहा पेलात म्हणे?"

"हाव," शेळके म्हणाले. "अन् तुह्या घरच्यापेक्षा बरा होता बे."

* * *

आता अकोल्याची फजिती. ती सांगताना मला अजून हसू येतं आणि पाठोपाठ वाईटही वाटतं.

अकोल्याला स्पर्धा होती. तिथे नियम असा, की पिस्तुलाचा चाप फार हलका नको. घोडा, म्हणजे मागचा टोला देणारा भाग, चढवून चापाला एक किलोचं वजन टांगायचं. वजन झेललं तर पास. घोडा पडला तर पिस्तूल बाद. आमच्याकडे वजन कुठलं? समोरच्या किराणा दुकानातून मागून आणलं, टांगलं, चापानं झेललं. आम्ही खूश होऊन एसटीत बसलो.

अकोल्यात तपासनिसानं त्याचं वजन टांगलं आणि घोडा टक्कन पडला. पुन्हा टांगलं, पुन्हा पडला.

"कालच पाह्यलं आमी," सुभेदार म्हणाले. "वजन झेलत होतं."

"कोणतं वजन?"

डॉक्टरांनी दुकानातल्या वजनाचं वर्णन केलं आणि घोळ कळला. किलो येऊन बरेच दिवस झाले होते, पण आमच्या दुकानदाराच्या फळीवर जुना शेरच होता आणि शेर किलोपेक्षा थोडा कमी भरतो! तपासनीस हसायला लागला. शेळके त्याच्यावर उखडले, "सरकारनं शेर बंद केला, मान्य हाय. पण आमच्या दुकानदाराले कोनं सांगतलं?"

पिस्तूल बाद झालं. परतीच्या एसटीत सुभेदारांनी भाकरीचं फडकं सोडलं नाही. मेहकर जवळ आल्यावर एवढंच बोलले, "उभ्या नोकरीत माह्या हातचं हत्यार कधी वापस आलं नाई, ताई. पुढच्या साली हेच पिस्तूल याच हातानं खोलीन, याच हातानं बंद करीन. किलो झेललं त अकोल्याले जाईन. नाई त क्लब सोडला."

त्यांनी उजवा हात उचलून दाखवला होता. तो हात मला अजून दिसतो.

* * *

पुढच्या वर्षी त्यांनी पिस्तूल खोललं. चापाची स्प्रिंग थकली होती, तिच्या जागी नवी, चांगली कडक स्प्रिंग बसवायची होती. जुनी काढली, भाग ओळीनं मांडले आणि जेवायला घरी गेले. तिथेच त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली.

धोतरावर भाग तसेच राहिले. डॉक्टर त्यांच्यावर उपचार करत होते, ते म्हणाले, "हात इतक्यात यायचा नाही. खामगावच्या बंदूकवाल्याकडून बसवून घेऊ, स्पर्धा तोंडावर आली." शेळक्यांनी नकारार्थी मान हलवली. "ज्यानं खोललं त्यानं बंद करायचं. कायदा त्यायचाच हाय." मग कुणीच हात लावला नाही. खोलीला कुलूप असे. मी अधूनमधून उघडून धोतराभोवतीनं झाडून घ्यायची.

एक दिवस शेळक्यांची बैलांची दमणी क्लबसमोर थांबली. त्यांनी सुभेदारांना धरून उतरवलं. सुभेदार सतरंजीवर बसले, उजवा हात त्यांनी डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. आम्ही कायद्याप्रमाणे गप्प.

डाव्या हातानं एकेक भाग बसत गेला. मग आली ती स्प्रिंग. ती एका हातानं दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं खिळा सारायचा. त्यांनी अंगठ्यानं दाबली, स्प्रिंग निसटली. पुन्हा दाबली, पुन्हा निसटली. गुडघ्याखाली धरून पाहिलं. कपाळावर घाम आला. डॉक्टर पुढे सरकले, पण सुभेदारांनी नुसतं पाहिलं आणि ते मागे झाले. मला रडू येत होतं, पण खुल्या पिस्तुलापुढे रडायलाही मनाई असावी असं वाटत होतं.

तेव्हा शेळके उठले. सुभेदारांच्या उजव्या बाजूला खेटून बसले, आपला डावा हात पाठीमागे घेतला आणि उजवा धोतरावर ठेवला. शेळके गप्प बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

सुभेदारांनी त्या हाताची बोटं पाहिली. मग जड जिभेनं म्हणाले, "नखं काप. हात धुवून ये."

शेळके गेले, हात धुऊन आले, पुन्हा तसेच बसले.

"दाब. हळू. कांद्याचं रोप हाय समज." शेळक्यांनी दाबलं. सुभेदारांनी डाव्या हातानं खिळा सारला. खिळा बसला.

डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले, "रिकामं." मी पाहिलं, म्हणाले, "रिकामं." शेळक्यांना तो एवढासा शब्द म्हणायला फार वेळ लागला. मग वाजलेलं काडतूस आत ठेवून घोडा चढवला आणि शेळक्यांच्या बाजारातल्या काट्याचं किलोचं वजन चापाला टांगलं. घोडा जागचा हलला नाही.

डॉक्टरांनी वजन उतरवलं. "मग सुभेदार, बंद कोणी केलं म्हणायचं?"

"मी."

शेळके उठायला लागले, तसा सुभेदारांनी त्यांचा उजवा हात मनगटाला धरला, उलटा-सुलटा करून नीट पाहिला आणि शेळक्यांच्याच मांडीवर परत ठेवला.

"हा हात ने आता घरी," ते म्हणाले. "अकोल्याले जाताना घेऊन येजो."